अदलाबदल

मार्लोचा डॉक्टर फॉस्टस आत्मा सैतानाला लिहून देतो आणि बदल्यात 24 वर्षांची सत्ता घेतो. ती तो चैनीत आणि करामतींत उधळतो, म्हणून त्याचा निवाडा आपण चटकन करून टाकतो. लोभी होता, बुडाला. ख्रिस बुश यांनी 2020 मध्ये लंडनच्या लिरिक हॅमरस्मिथमध्ये हीच कथा नव्याने रंगमंचावर आणली, तेव्हा फॉस्टसच्या जागी जोहाना नावाची स्त्री आली. तिला सामर्थ्य हवे आहे ते रोग आणि मरण हटवण्यासाठी. इथे निवाडा अडतो. लोभापायी केलेला सौदा ओळखू येतो, भल्यासाठी केलेला येत नाही.

जर्मन कवी गटेला हे ठाऊक होते. त्याच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग विंदा करंदीकरांनी मराठीत आणला. मला सांगायचे आहे ते दुसऱ्या भागातल्या शेवटच्या अंकाविषयी. म्हातारा फाउस्ट बांध घालून समुद्र मागे रेटतो आहे, कारण तिथे लाखो माणसे वसवायची आहेत. मध्ये येते फिलेमोन आणि बाउकिस या वृद्ध जोडप्याची झोपडी. बदली जमीन देऊ केली आहे, चांगली आहे, तरी ती दोघे हलत नाहीत. फाउस्ट आपल्या सैतानाला, मेफिस्टोला, सांगतो, हलव त्यांना. झोपडी जळते, जोडपे मरते. मग फाउस्ट म्हणतो की मी अदलाबदल करायला सांगितले होते, लुटायला नव्हे.

नवी मुंबईत राहणाऱ्याने हा प्रवेश दोनदा वाचावा. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने 95 गावांच्या जमिनीवर हे शहर वसवले. हेतू चांगला होता, मुंबईवरचा भार हलका करण्याचा. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्या लढ्यातून मिळाले. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावे उठली. तेव्हा साडेबावीस टक्के ठरले. मोबदला वाढला ही लहान गोष्ट नाही.

सिडकोला सैतान ठरवणे मात्र खोटे आहे, आणि आपल्या सोयीचेही. मग फाउस्ट कोण, हे विचारावे लागत नाही. ज्याला नवी जमीन हवी असते पण झोपडीपाशी स्वतः जायचे नसते, तो फाउस्ट. खारघरात, उलव्यात घर घेणारे आपण सगळे.

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात हा अंक मराठीत व्हावा, असे मला मनापासून वाटते. बाउकिस आगरी बोलीत बोलावी. पुढच्या रांगा विमानतळासाठी उठलेल्या तरघर, कोंबडभुजे, चिंचपाड्याच्या लोकांना द्याव्यात. प्रयोगानंतर माईक त्यांच्या हाती असावा आणि आपण ऐकत बसावे, की गावदेवी नव्या जागी कशी नेली, खाडीवरची मासेमारी कुणाची सुटली, आणि भूखंडाच्या वाटणीत घरातल्या कुणाचे नाव राहून गेले.