मनूची घागर

शतपथ ब्राह्मणात मनूच्या हाती मासा येतो तो सकाळी हात धुताना. अवताराचा थाट पुराणांनी पुढे चढवला. इथे नुसता एक लहानसा मासा आहे आणि त्याला जिवाची भीती आहे. मला सांभाळ, मी तुला वाचवीन, असं तो म्हणतो. कशापासून, म्हणून मनू विचारतो, तेव्हा तो येणाऱ्या महापुराचं सांगतो. आपण सगळे ही गोष्ट पुराची म्हणून लक्षात ठेवतो. माझं मन मात्र त्याच्या पुढच्या बोलण्यावर अडतं. आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो, म्हणून आधी मला घागरीत ठेव. घागर पुरेनाशी झाली की खड्डा खणून त्यात ठेव. तोही पुरेनासा झाला की समुद्रात नेऊन सोड, मग मला भय उरणार नाही. पाळण्याच्या अटी इथे मासा घालतो, मनू नुसता ऐकतो. आणि पहिल्याच अटीत शेवट सांगून ठेवलेला आहे: घागर ही समुद्राकडे जाण्याची पहिली पायरी.

माझी घागर तीनशे लिटरची, काचेची, खराडीत अकराव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात आहे. तिच्यातून खड्ड्याकडे किंवा समुद्राकडे जाणारी एकही वाट नाही. मनूची ही गोष्ट मला आमच्या आप्पांनी सांगितली, टाकी बसली त्याच आठवड्यात, आणि मुद्दाम सांगितली. आप्पा माझे सासरे. गळ्यात माळ, रोज पहाटे ज्ञानेश्वरी, आणि दिवसभर सुनेशी वाद. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे वादात मागे हटायची सवय मलाही नाही.

पुण्याला समुद्र नाही. पायाखाली काळा पाषाण, घाट उतरून गेलं की कोकण, आणि आमच्या खिडकीतून दिसते ती मुळा-मुठा, जिच्यात जलपर्णीशिवाय काही तगत असेल असं वरून वाटत नाही. भामा आसखेड धरणाचं पाणी आलं तरी उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर लागतातच. त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजला तर रीफ टाकी बसवणारा माणूस कपाळाला हात लावतो. म्हणून ते आरओमधून काढायचं, मग डीआय रेझिनमधून, मीटरवर शून्य दिसेपर्यंत. त्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं मीठ. तीनशे लिटरला साडेदहा किलो. रिफ्रॅक्टोमीटरच्या डोळ्यातून रेघ १.०२५वर आली की समुद्र तयार. "पुडीतला समुद्र," आप्पा म्हणाले. पण त्यांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. लिटरभर शुद्ध पाणी मिळवताना आरओ तीनेक लिटर बाहेर टाकतो. "खाली टँकरच्या खर्चावरून भांडणं चाललीत आणि तू माशाला सोवळ्याचं पाणी काढतेस." ते बाहेरचं पाणी मी फरशीला आणि कपड्यांना वापरते. उत्तर बरोबर आहे, पण पुरेसं नाही, हे दोघांनाही कळलं.

मग टाकी रिकामी ठेवण्याचे आठवडे. बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच घडत नाही: दगड, वाळू, पाणी, वेव्हमेकरची घरघर. आत मात्र सगळा पाया याच दिवसांत घातला जातो. माशाच्या श्वासातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो, तो माशालाच विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सोसवतं. हे जिवाणू दगडावर वसायला चार ते सहा आठवडे सहज लागतात. त्यांना खायला अमोनिया द्यावा लागतो. जुनी रीत अशी की एखादा काटक डॅमसेल मासा आत सोडायचा आणि त्याच्या विष्ठेवर टाकी पिकवायची. मला दुकानात हेच सुचवलं होतं: मॅडम, दोन टाका, तगले तर टाकी झाली समजा. मी अमोनियम क्लोराइड आणून मोजून घातलं आणि चाचणीच्या पट्टीवरचा हिरवा रंग उतरायची वाट पाहिली. एखाद्या जिवाला पाणी चाखायला पुढे पाठवायचं आणि तो मेला तर पाणी वाईट होतं असं म्हणायचं, हे मला जमणारं नव्हतं.

आप्पांना हे सांगताना माझ्या आवाजात थोडा तोरा असावा. त्यांनी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढला. आमच्या दारावरून जाणारा नगर रस्ता पुढे नेवाशाला जातो, जिथे १२९०मध्ये ती सांगितली गेली, त्यामुळे आप्पांना हा ग्रंथ शेजारच्या गावचा वाटतो. त्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात आणि अहिंसेपाशी ज्ञानदेव थांबतात. आधी ते अहिंसेच्या नावानं चाललेल्या हिंसेची झाडाझडती घेतात. एक जीव वाचवायचा म्हणून वैद्य झाडं मुळासकट उपटतो. धर्म म्हणून पाणी गाळायला घेतलं तर गाळण्यातच जीव मरतात. हिंसेच्या धास्तीनं कोणी धान्य शिजवत नाही, तर त्याच्या स्वतःच्या प्राणांचे हाल होतात. "तू डॅमसेल वाचवलास," आप्पा म्हणाले, "आणि पाणी पहिल्यांदा बदलशील तेव्हा किती ओतशील मोरीत? ते जीव नव्हेत?" जिवाणूंचं सोडा, दगडावरून आलेले कोपेपॉड, ब्रिसलवर्म, नखाएवढे तारामासे त्या बादलीत असतात हे मला माहीत होतं. मी गाळते. गाळण्यातही काही मरतात. सातशे वर्षांपूर्वीचा आक्षेप माझ्या बादलीला तंतोतंत लागू पडावा याचा मला रागच आला.

पण त्याच ठिकाणी पुढे असं काही आहे की ज्यावर मी आणि आप्पा अजून भांडतो. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो हे सांगताना ज्ञानदेव बगळ्याचा दाखला देतात: लाट मोडू नये, पाण्याची शांतता ढळू नये असं अलगद पाऊल. आणि हा बगळा भक्ष्यावर नजर लावून चालतो आहे. अहिंसेच्या वर्णनात शिकाऱ्याचं पाऊल! आप्पांचं म्हणणं, उपमा पावलापुरती घ्यायची, चोचीपर्यंत जायचं नाही. मला वाटतं चोच मुद्दाम ठेवली आहे. इतकी बारीक नजर असलेल्या कवीला बगळा कशासाठी चालतो हे दिसलं नसेल, हे मी मानत नाही. जगात हळुवार पाऊल टाकणाऱ्यालाही भूक असते, आणि भूक असूनही पाऊल हळुवार पडू शकतं, एवढं तरी त्यातून निघतंच.

माझी चोच म्हणजे आर्टेमिया, माशांना खायला घालायचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव. त्याची अंडी कोरड्या पुडीत येतात, तपकिरी भुकटीसारखी. बाटलीत खारं पाणी, खालून हवा, आणि दिवसभरात केशरी पिलं वळवळायला लागतात. त्यांना गोळा करायची युक्ती साधी आहे. हवा बंद करायची आणि बाटलीच्या बुडाशी टॉर्च लावायचा. पिलं प्रकाशाकडे ओढली जातात, तिथे त्यांचा दाट ढग होतो, तो नळीनं ओढून घ्यायचा आणि टाकीत सोडायचा. मिनिटभरात संपतो. प्रकाशाच्या ओढीचाच सापळा करून मी रोज इतक्या जीवांना मरणाकडे नेते, आणि दोन मासे जगवते. निसर्गात हेच चालतं, असं म्हणता येईल. मनूचा मासाही तेच म्हणाला होता. पण तो ते तक्रार म्हणून म्हणाला होता; संरक्षण मागण्याचं कारण म्हणून. आपण ते समर्थन म्हणून वापरतो.

प्रवाळांनी मात्र वादाला वेगळीच फोडणी दिली. रीफ घडवणारे कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. आपल्या समुद्रातून त्यांचा तुकडा काढणं गुन्हा आहे. त्या वाटेला मी गेले नाही. माझ्याकडे आहेत ते झोअँथिड आणि मशरूम, पुण्यातल्याच दुसऱ्या एका टाकीत वाढलेल्या वसाहतींचे फ्रॅग, म्हणजे तोडून लावलेले तुकडे. मशरूम चाकूनं मधोमध कापला तर काही आठवड्यांत दोन पुरे मशरूम होतात. आप्पांनी चष्मा लावून हे पाहिलं आणि विचारलं, "मग जीव कुठल्या तुकड्यात गेला?" नंतर स्वतःच घटाकाशाचं उत्तर दिलं: घट फुटला तरी आकाश फुटत नाही. मी म्हटलं, आप्पा, घट फुटला की तुमचं एकच आकाश उरतं. इथे घट फुटून दोन घट झालेत आणि दोघांनाही भूक लागते. शिवाय त्यांच्या पेशींत शैवाल राहतं, प्रकाशावर साखर करतं आणि घरभाडं म्हणून ती देतं. ते वेगळं काढलं तर मशरूम पांढरा पडून बहुधा उपाशी मरतो. एक जीव कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हेच जिथे ठरवता येत नाही तिथे 'मी याला कोंडलं' या वाक्यातला 'याला' म्हणजे नक्की कोण? आप्पा बराच वेळ गप्प होते. हा वाद मी जिंकले असं मला वाटतं. त्यांना तसं वाटत नाही.

माशांच्या बाबतीत अशी पळवाट नाही. क्लाउनफिश मला ओळखतो, म्हणजे निदान चमच्याच्या हाताला ओळखतो. माझी जोडी समुद्रातून धरलेली नाही, हॅचरीत जन्मलेली आहे. क्लाउनफिशची पिल्लं तयार करण्याचं तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं बसवलं. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानानं राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीनं अशी हॅचरी उभी केली, आणि तिथली पिल्लं खाडीकाठच्या बायकांचे गट वाढवतात. फिलिपिन्स-इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे बधिर करून धरण्याचा जो धंदा चालत आला, त्याच्या तुलनेत हे कितीतरी बरं. घेताना मी हेच स्वतःला सांगितलं: याला समुद्र ठाऊकच नाही, मग मी त्याच्याकडून काय हिरावलं?

हा युक्तिवाद जितका गोड तितका पोकळ आहे. वेठीत जन्मला म्हणून वेठ न्याय्य ठरत नाही, हे माणसाच्या बाबतीत आपण एव्हाना शिकलो आहोत. जन्मच बंदिवासात घडवून आणायचा आणि मग त्याला बाहेरचं जग माहीत नाही असं म्हणायचं, यात दोष दोनदा येतो, कमी होत नाही. आणि तरीही त्याला सोडून देणं हा उपाय नाही. टाकीतला जीव समुद्रात सोडणं म्हणजे टाकीतले रोग समुद्राला देणं. बहुधा अशाच सोडलेल्या माशांतून लायनफिश अटलांटिकमध्ये पसरला तेव्हा तिथल्या माशांचं काय झालं हे जगानं पाहिलं आहे. मनूला जी शेवटची पायरी होती ती मला नाही. मी घागरीपाशीच थांबलेली आहे.

इथे काही जण वेगळं समाधान काढतात. समुद्रच आता सुरक्षित कुठे आहे, असं ते विचारतात. प्रश्न खोटा नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्गाच्या आसपास, प्रवाळ आहेत. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरच्या पुढे भर समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांचं नाव लावलेली, पाण्याखाली बुडालेली पठारासारखी जागा. पाणी तापलं की प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. जगभराच्या अशा चौथ्या लाटेची घोषणा एप्रिल २०२४मध्ये झाली, आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. ज्या समुद्रात पोचल्यावर भय उरणार नाही असं मनूचा मासा म्हणाला, तो समुद्र आता भयाचीच जागा झाला आहे. म्हणून आमच्या टाक्या म्हणजे पुरातली मनूची नौका, आम्ही बीज जपतो, असं बोलणं ऐकलं की मला हसू येतं. खराडीच्या मे महिन्यात माझी टाकी सव्वीस अंशांवर राहते ती चिलरमुळे, आणि चिलर चालतो तो बहुतेक कोळशाच्या विजेवर. तीनशे लिटर थंड ठेवण्यासाठी समुद्र किंचित तापवायचा आणि वर त्याचा तारणहार म्हणवून घ्यायचं! मनूच्या गोष्टीत माशानं मनूला वाचवलं होतं, हेही लोक विसरतात.

शेजारचा मुलगा 'डोरी' आणा म्हणून मागे लागला होता. तो निळा टँग दुकानात काडेपेटीएवढा मिळतो आणि वाढून फूटभर होतो. त्याला पोहायला लांबी लागते. घागर पुरेनाशी होणार हे आधीच माहीत असताना घागरीत घालायचं नाही, एवढा नियम मी मनूकडून घेतला आणि नाही म्हटलं. आप्पांनी लगेच पकडलं. "त्याला नाही म्हणालीस, मग या दोघांना हो का?" मी बऱ्याच उत्तरांचा विचार केला: हॅचरी, ऐरोलीच्या बायका, मुलांना होणारं शिक्षण. मग खरं होतं ते सांगितलं. मला हवे होते म्हणून. याला पुण्यकर्माचा रंग देऊन उपयोग नाही. आप्पांना हे उत्तर पटलं नाही. पण टाकीला ते 'कोंडवाडा' म्हणायचे, तो शब्द त्या दिवसानंतर त्यांनी वापरला नाही.

क्लाउनफिश टाकीत नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगतो. मी पन्नाशी ओलांडली आहे. म्हणून सम्पच्या, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या कपाटाच्या, दारावर आतून एक कागद चिकटवला आहे: तापमान किती, क्षारता किती, दर आठवड्याला किती पाणी बदलायचं, वीज गेली तर बॅटरीचा पंप कुठे आहे, आणि मी नसेन तेव्हा कुणाला बोलवायचं. वाघोलीत राहणाऱ्या भाच्यानं त्यावर सही केली आहे. आप्पांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सूनबाई, माझ्या गोळ्यांचं एवढं नीट कधी लिहून ठेवलंस का?"