स्मृतिलोप आणि संमती

अल्झायमर या आजारात मेंदूतील चेतापेशी हळूहळू नष्ट होतात आणि रुग्णाची स्मृती व निर्णयशक्ती क्षीण होत जाते. त्यामुळे त्यावरील औषधाची चाचणी घेताना, ज्याला स्वतःचे नावही आठवेनासे होईल त्याची संमती कोणी व कोणत्या अधिकाराने द्यावी, हा वैद्यकाच्या पलीकडचा प्रश्न उभा राहतो.

चाचणीची आवश्यकता इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. रजोनिवृत्तीनंतर हे संप्रेरक दिल्यास स्मृतिभ्रंश टळेल, अशी आशा अनेक निरीक्षणांनी निर्माण केली होती. परंतु 65 वर्षांवरील 4,532 स्त्रियांच्या अमेरिकेतील अभ्यासात, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही संप्रेरके एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका, प्लासिबो म्हणजे औषधी गुण नसलेली पण तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे दुप्पट असल्याचे 2003 साली आढळले. पारखून न घेतलेली करुणा अपाय करू शकते, हा त्याचा अर्थ होय.

तथापि चाचणी आवश्यक आहे म्हणून रुग्ण केवळ साधन ठरत नाही. व्यक्तीचे ऐक्य जाणिवेच्या आणि स्मरणाच्या सातत्यात असते, हे तत्त्वज्ञ जॉन लॉकचे मत काटेकोरपणे मानल्यास, पूर्वी संमती देणारी आणि आज औषध घेणारी व्यक्ती एकच आहे असे म्हणणे कठीण होते. भारतीय तत्त्वज्ञानातील न्यायदर्शन येथे अधिक उपयुक्त ठरते. न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगे, म्हणजे त्याचे अस्तित्व ओळखण्याच्या खुणा, सांगितली आहेत. भाष्यकार वात्स्यायन त्यांचे विवरण पूर्वानुभवाच्या स्मरणाच्या आधारे करतो, हे खरे. परंतु तेथे स्मरण हे आत्म्याचे गमक आहे, प्रत्यक्ष आत्मा नव्हे. धूर ही अग्नीची खूण असली, तरी तापलेल्या लोखंडी गोळ्यात धूर नसतानाही अग्नी असतो; त्याप्रमाणे स्मरण लोपल्याने स्मरणारा लोपला असे अनुमान निघत नाही.

शिवाय स्मृती गेल्यावरही सुख, दुःख व द्वेष उरतात. म्हणून आप्ताने कायदेशीर संमती दिली असली, तरी रुग्णाने सुईपासून मागे घेतलेला हात हा नकारच मानला पाहिजे; मानवांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी घोषणापत्राच्या सुधारित आवृत्त्याही, संमती देण्यास असमर्थ व्यक्तीच्या नकाराचा आदर करण्यास सांगतात. उद्याच्या रुग्णांचे हित कितीही मोठे असले, तरी आज समोर असलेल्या रुग्णाला चाचणी नाकारण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार त्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नाही.