उसनी भांडी

गळती म्हटले की भांडे रिकामे होत जाणार, असे आपण धरून चालतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; इथल्या माणसाला कौलांची नि पन्हळीची गळती कोणी समजावून द्यावी लागत नाही. परंतु संगणकवाले जिला मेमरीची गळती म्हणतात तिची रीत उलटी आहे. तिच्यामुळे भांडे रिकामे होत नाही, भरत जाते. आणि भरते तेही कोणाच्याच उपयोगाच्या न उरलेल्या वस्तूंनी. हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळले. तो हिंजवडीच्या एका कचेरीत काम करतो आणि तीन आठवडे अशीच एक गळती शोधत होता. 'यंत्राला विसर पडू लागला का रे?' असे मी विचारले, तर तो म्हणाला, 'नाही बाई, त्याला विसरता येईना, म्हणूनच तर पंचाईत आहे.'

त्याचे बोलणे समजून घ्यायला मला देवळातली भांडी आठवावी लागली. मावळातल्या गावांतून अशी सामाईक भांडी असत. मोठी पातेली, हंडे, पराती, ओगराळी, आणि त्यांवर नाव घातलेले. लग्न निघाले की यजमानाने मोजून न्यायची, मांडव उतरला की मोजून आणायची. संगणकातली मेमरी अशीच गावकीची असते. प्रत्येक काम आपल्यापुरती जागा मागून घेते आणि काम संपल्यावर ती परत करणे हा त्याचा धर्म. परत करायचे राहिले, आणि पातेले कुठे ठेवले याची आठवणही गेली, की झाली गळती. पातेले दाराआड पडून असते. देवळाच्या वहीत ते 'दिले' असे लागलेले, म्हणून दुसऱ्याला मिळत नाही. आणि ज्याने नेले त्यालाही ते सापडत नाही.

ज्या डेटाबेसवर तो काम करतो त्याचे नाव पोस्टग्रेस्क्यूएल. त्याचा पूर्वज १९८६ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या देखरेखीखाली जन्मला. बाहेरच्या माणसाला त्यात आपली नवी विद्या घालता यावी, ही सोय मुळापासूनच. अशा जोडकामाला एक्स्टेन्शन म्हणतात; मी त्याला पुरवणी म्हणते. २००१ साली कॅनडातून आलेली पोस्टजीआयएस ही नकाशांची पुरवणी फार प्रसिद्ध आहे. तिच्यामुळे, इंद्रायणीला कोणकोणते गट लागून आहेत, असे डेटाबेसला विचारता येते. माझ्या विद्यार्थ्याची पुरवणी त्याच कुळातली.

या मंडळींनाही पूर्वी गळतीने फार छळले होते. सातव्या आवृत्तीपर्यंत मोठा प्रश्न विचारला की मेमरी साचत जाई. २००१ च्या ७.१ या आवृत्तीत त्यांनी जो उपाय पक्का केला, तो ऐकून मला एखाद्या जाणत्या आजीबाईची आठवण झाली. एकेक वाटी मोजत बसू नका; लग्नाची म्हणून एक खोली करा, लग्नासाठी आणलेले सारे त्या खोलीत ठेवा, आणि मांडव उतरला की खोलीच्या खोली परत करा. लग्नात भांडण होऊन पंगत मोडली तरी हरकत नाही, खोली रिकामी होणारच. कामाच्या आयुष्याला उसनवारीचे आयुष्य बांधून टाकले. नीतिशास्त्राच्या किती पोथ्यांत इतकी व्यवहारी गोष्ट सापडेल, मला शंका आहे!

मग तरीही गळती का? दोन कारणे त्याने सांगितली. एक म्हणजे पुरवणी लिहिणारा कधी पातेले लग्नाच्या खोलीत न ठेवता आपल्या राहत्या घरात ठेवतो. 'पुन्हा लागेल' हे कारण खरेही असते. पण दर लग्नाला एक नवे पातेले घरात येऊन पडले, तर घराचे काय होईल? दुसरे म्हणजे, पुरवणी काही भांडी देवळाकडून न आणता परस्पर शेजाऱ्याकडून आणते. पोस्टजीआयएस आकृत्यांच्या आकडेमोडीसाठी जीईओएस नावाचे निराळे साहित्य वापरते; त्याची भांडी देवळाच्या वहीत नसतात, ती हातानेच परत करावी लागतात. काम सुरळीत झाले तर होतात. मध्येच चूक निघाली की डेटाबेस ते काम टाकून एकदम बाहेर उडी घेतो, आणि परत करण्याची ओळ पुढे तशीच न वाचता राहते.

त्याच्या वरिष्ठांचे म्हणणे निराळे होते. रोज रात्री सगळे बंद करून पुन्हा सुरू करावे. संपलेल्या कामाची सारी मेमरी यंत्र आपोआप ताब्यात घेते, मग थोड्याशा गळतीसाठी तीन आठवडे का घालवा? या युक्तिवादाला मी लगेच हसू शकले नाही. आपणही असेच म्हणतो. मेल्यावर सगळे इथेच राहायचे आहे, हिशेब आपोआप मिटतो. अल्पायुषी कामात हा दोष दिसतही नाही. एक जोडणी घटकाभर जगली आणि मिटली, तर तिने काय बुडवले हे कोण पाहतो? पण हल्ली त्याच जोडण्या दिवसचे दिवस जागत्या ठेवतात, आणि दीर्घायुष्यात दोष उघडा पडतो.

शिवाय मरण त्या एकाचेच नसते. मेमरी संपत आली की लिनक्स प्रणाली फुगलेल्या कामाला ठार करते. तसे झाले की पोस्टग्रेस्क्यूएल, सामाईक मेमरी बिघडली असेल या भीतीने, बाकीच्या सर्व जोडण्याही तोडून नव्याने उभा राहतो. ज्यांनी एक वाटीही बुडवली नाही, त्यांचीही अर्धी कामे वाया जातात. एकाच्या विसरण्यापायी साऱ्या पंगतीला उठावे लागते. वरिष्ठांचा हिशेब मला इथे खोटा वाटतो.

याला चोरी म्हणता येईल का? मला नाही वाटत. वळवणचे पाणी नळांतून घाट उतरून खोपोलीला जाते. १९१५ पासून तिथे त्याची वीज होते, आणि ते पुढे पाताळगंगेला मिळते. इंद्रायणीला ते परत मिळत नाही. त्याबद्दल मावळातला माणूस भांडू शकतो, कारण त्या पाण्याने कोणाचे तरी दिवे लागतात. समोर कोणीतरी उभे आहे. गळलेल्या मेमरीने कोणाचाच दिवा लागत नाही. चोराला निदान वस्तू हवी असते. इथे लाभ कोणाचाच नाही, हेतू नाही, म्हणून दोषही कोणी आपला मानत नाही. आणि तरीही परत करण्याचा भार घेणाऱ्यावरच राहतो, कारण काम संपले हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक असणार? देवळाच्या पुजाऱ्याला पंगत उठल्याचे कळत नाही.

अर्थात घाईही वाईट. पातेल्यात कोणाचा भात अजून शिजत असताना ते परत केले, तर देऊळ ते दुसऱ्याला देईल आणि दोघांचे अन्न एकमेकांत मिसळेल. माझा विद्यार्थी म्हणतो, ही चूक गळतीहून भयंकर. त्याचे तीन आठवडे दुरुस्तीत गेले नाहीत. दुरुस्ती दोन ओळींची होती. ते गेले, हे पातेले आणखी कोणी वापरते आहे का, हे घरोघरी विचारण्यात. मग त्याने तोच प्रश्न डेटाबेसला लाखो वेळा विचारला आणि मेमरीची रेघ चढत नाही हे पाहिले.

हे कष्ट वाचवण्यासाठी जॉन मॅकार्थी यांनी १९५९च्या सुमारास लिस्प या भाषेत झाडूवाला नेमला. तो अधूनमधून फिरतो, आणि ज्या वस्तूला कोणीही धरलेले नाही ती उचलून नेतो. पण कोणी दोरी धरून ठेवली असेल, तर ती वस्तू लागते की नाही हे त्यालाही ओळखता येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढलेल्या बाईला हे सांगायला नको. खाली वात नसलेला स्टोव्ह येतो, कान तुटलेली बरणी येते, आणि मी त्या टाकायला निघाले की आतल्या खोलीतून आवाज येतो, 'अगं, राहू दे ते, लागेल.'