सियोनातले मराठी कीर्तन

बेने इस्रायली कीर्तन म्हणजे ज्यू धर्मकथांवर रचलेले मराठी कीर्तन. रायगडच्या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि पुढे मुंबईत स्थिरावलेल्या बेने इस्रायल समाजाने ते १८८० च्या सुमारास सुरू केले. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. त्यानंतरच्या काही दशकांत या समाजातले बहुसंख्य लोक तिकडे गेले आणि रामला, लोद, बेरशेबा, दिमोना, अश्दोद अशा गावांत वसले. त्यांच्याबरोबर पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे गेली, तसे कीर्तनही गेले. त्यातून एक धार्मिक प्रश्न उभा राहिला. ज्या भाषेत देवाला आळवले ती भाषा घरातल्या नातवंडांनाच कळेनाशी झाली, तर ते गाणे उपासना उरते का?

कोकणात हा समाज तेल गाळण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्याला ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथ म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्याने सांभाळली होती; हिब्रू ग्रंथांचे ज्ञान मात्र क्षीण झाले होते. एकोणिसाव्या शतकात मराठी बायबल आणि हिब्रूचे शिक्षण मिशनऱ्यांमार्फत त्याच्यापर्यंत पोचले. छापलेली कथा हाती आली. ती घरोघर पोचवण्याचे साधन शेजारच्या देवळात रोज कानावर पडतच होते. पद, साकी, दिंडी, आर्या, मध्ये गद्य निरूपण आणि पेटी-तबल्याची साथ, असा सगळा साज समाजाने उचलला. कथानायक मात्र योसेफ, मोशे, अब्राहाम असे आपले घेतले.

शेजाऱ्याच्या उपासनेचा साचा असा घेणे धर्माला मान्य आहे का, याचे उत्तर ज्यू धर्मशास्त्राच्या चौकटीत शोधता येते. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संहितेतल्या ‘सोता’ या प्रकरणात शेमा आणि नित्य प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हणण्याची मुभा आहे. म्हणजे भाषेची आडकाठी नाही. वाद्यांची मात्र आहे, कारण परंपरेने शब्बाथला वाद्य वाजवणे वर्ज्य आहे. त्यामुळे कीर्तनाची जागा शब्बाथच्या प्रार्थनेत नव्हे, तर इतर दिवशी जमणाऱ्या मंडळींत राहिली. कीर्तन हे विधीचे अंग नाही, ते शिकवण्याचे साधन आहे. यातच त्याचे बळ आहे आणि दुबळेपणाही. विधीतला मंत्र अर्थ न कळताही पुण्यप्रद मानला जातो, पण निरूपण कळले नाही तर कीर्तनाचा हेतूच निसटतो.

याच समाजाच्या ‘मलिदा’ या विधीशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. ताटात भिजवलेले पोहे, त्यांत साखर, ओले खोबरे, वेलची, भोवती फळे. झाडाच्या फळावरचा आणि जमिनीतून उगवलेल्या पिकावरचा आशीर्वाद वेगवेगळा, दोन्ही हिब्रूत. एलिया संदेष्ट्याचे स्तवनही हिब्रूतच. पोहे कोकणातले आणि शब्द हिब्रू, त्यामुळे इस्रायलमध्ये जन्मलेल्या मुलालाही मलिद्यात सहज बसता येते. कीर्तनात मात्र शब्दच मराठी आहेत. तिथे तो दाराशीच थांबतो.

स्तोत्रसंहितेतल्या १३७ व्या स्तोत्रात बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले बंदिवान विचारतात, की परक्या भूमीवर परमेश्वराचे गीत कसे गावे. बेने इस्रायलांच्या वाट्याला हा प्रश्न उलटा आला. परक्या म्हटलेल्या भूमीवर त्यांनी मोकळेपणी गायले. गाणे परके झाले ते सियोनात, म्हणजे इस्रायलमध्ये, आल्यावर. त्यातच १९६२ मध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी लग्नासाठी या समाजाच्या वंशाची चौकशी करण्याचा दंडक घातला. समाजाने निदर्शने केली आणि १९६४ मध्ये आपण सर्वार्थाने ज्यू असल्याची मान्यता मिळवली. ज्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली जाते, त्यांना मराठी गाणे चारचौघांत मिरवणे सोपे नसते. तरीही स्त्रियांच्या मंडळांनी आणि जुन्या वह्यांनी कीर्तनातली पदे जपली. अमेरिकी संगीत-अभ्यासक ॲना शुल्झ यांनी महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय कीर्तनाचा अभ्यास केल्यानंतर या गाण्यांकडे लक्ष वळवले, हेही स्वाभाविकच होते. दोन्ही गाण्यांचे कूळ एक आहे.

स्थलांतरितांच्या गायनाशी नाते जोडण्याचे दोन मार्ग दिसतात. पहिला संग्राहकाचा. तो गाणे ध्वनिमुद्रित करतो, वहीची छायाचित्रे घेतो. हे काम गरजेचे आहे, कारण जाणत्या गायिका वयस्कर होत आहेत. मात्र ते त्यांच्या संमतीने आणि शब्बाथ पाळून व्हायला हवे. शुक्रवारी सूर्यास्तानंतर शब्बाथ पाळणाऱ्या घरात यंत्र सुरू करणे हा त्या घराचा अवमान आहे. दुसरा मार्ग श्रोत्याचा, आणि कीर्तनाच्या दृष्टीने तोच मूळचा. कीर्तन एकट्याचे होत नाही. कीर्तनकाराने चरण सोडावा, मागच्या झिलकऱ्यांनी तो उचलावा आणि समोरच्याने मान डोलवावी, तेव्हा ते पुरे होते. ध्वनिफितीत आवाज टिकतो, पण ही तिघांची गाठ पडत नाही.

म्हणून उपासना उरते का, याचे उत्तर गाण्यात नाही, ते ऐकणाऱ्यांत आहे. मराठी श्रोत्याला साकीची चाल आणि शब्द कळतात; मोशेची कथा त्याच्या घरची नाही. गायिकेच्या नातवाला कथा पाठ आहे. शब्द कळत नाहीत. दोघांकडे अर्धे-अर्धे कीर्तन आहे. श्रोत्याने पदाचा अर्थ सांगावा, नातवाने कथेचा संदर्भ द्यावा आणि आजीने गावे. असे झाले की निरूपण पुन्हा सुरू होते, आणि जिथे निरूपण चालू आहे तिथे कीर्तन हे उपासनाच आहे.