रुळांमधलं अंतर

अंधेरी स्टेशनच्या पुलावर या आणि कठड्याशी उभे राहा. गर्दीच्या वेळी नको. दुपारी, जरा उसंत मिळते तेव्हा. श्वास त्याच्या चालीने चालू द्या. खाली एकाच मार्गाचे दोन रूळ पाहा. चाकं घासून घासून माथा लखलखीत झालाय, बाजू मात्र गंजून तांबूस. सिमेंटचे स्लीपर, रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी क्लिपा, काळवंडलेली खडी. आता नजर एका रुळाच्या आतल्या कडेवरून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत सावकाश न्या. हे अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट.

मग मान वर करा. वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी मेट्रो 2014 च्या जूनपासून इथून धावते. तिच्या रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर. खालचा डबा वर चालणार नाही, वरचा खाली उतरणार नाही. एवढीच गोष्ट थोडा वेळ मनात धरा.

हे अंतर कुणीतरी ठरवलेलं असतं. इंग्लंडात चार फूट साडेआठ इंचांचे रूळ होते. हिंदुस्थानात ते रुंद हवेत, असा गव्हर्नर जनरल डलहौसीचा आग्रह होता. त्याच रुंद रुळांवरून 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. ठाणं मात्र मूळ विचारात वाटेवरचा एक टप्पा होतं. 1843 साली मुंबई सरकारचा इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपला आला होता. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधलं हे गाव. रेल्वेची कल्पना त्याला तिथेच सुचली, असं रेल्वेचा इतिहास सांगतो, आणि त्याची नजर थळ आणि बोर घाटांकडे लागलेली होती. घाटापलीकडचा कापूस बंदरात यायला हवा होता. आज ज्या रुळांना आपण घर ते ऑफिस एवढंच मोजतो, ते जन्मापासून लांबचे आहेत.

किती लांबचे? मनाला उत्तरेकडे जाऊ द्या. 1912 साली पंजाब मेल सुरू झाली. विलायतेची बोट बॅलार्ड पिअरला लागायची, तिथून ही गाडी घाटकोपर, मुलुंड मागे टाकत, घाट चढून, दिल्ली आणि लाहोर करत पेशावरला पोचायची. सुमारे अडीच हजार किलोमीटर, दोन दिवसांच्या आत. 1928 साली दुसऱ्या बाजूने, अंधेरी-बोरिवलीवरून, फ्रंटियर मेल निघाली. तीही पेशावरलाच. वाटेवरच्या अटकेचं नाव मराठी माणसाला मराठ्यांच्या 1758 च्या झेंड्यांमुळे पाठ आहे. तिथे सिंधूवर 1883 पासून रेल्वेचा पूल आहे, आणि मुंबईत तिकीट काढलेला माणूस त्यावरून रेल्वेच्या डब्यात बसून पलीकडे जात होता.

1947 नंतर पंजाब मेल फिरोजपूरला थांबू लागली, फ्रंटियर मेल अमृतसरला. दोन्ही आजही संध्याकाळी मुंबईहून निघतात. फ्रंटियर मेलचं नाव 1996 मध्ये गोल्डन टेंपल मेल झालं; सरहद्द गेल्यावर नावातून ती जाणारच होती. आणि याच मध्य मार्गावर कल्याणच्या पुढे, सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांची छावणी उभी राहिली, तिचं उल्हासनगर झालं. रूळ तुटले तेव्हा माणसं इकडे आली होती.

इथे घटकाभर थांबा. सीमेपलीकडेही गेज तेच आहे, 1676. लाहोरला तेच, कराचीला तेच, क्वेट्ट्याहून वाळवंट ओलांडून इराणमधल्या जाहेदानपर्यंत तेच. जाहेदानला समोरून 1435 चे इराणी रूळ येतात; 2009 मध्ये केरमानची बाजू तिथवर जोडली गेली. अंधेरीत एकावर एक असलेली ही दोन मापं तिथे जमिनीवर समोरासमोर येतात.

आता याच्या उलट एक चित्र बघा. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया. तिन्ही मिळून साठ लाखांच्या आसपास माणसं. रशियन साम्राज्याने त्यांना आपलं रुंद माप दिलं, आज ते 1520 आहे, म्हणून पूर्वेकडे रूळ जुळतात आणि पोलंडशी जुळत नाहीत. ते आता तालिनहून रीगा, कौनास करत पोलंडच्या सीमेपर्यंत 1435 चा सुमारे 870 किलोमीटरचा अगदी नवा मार्ग बांधताहेत. शेजारी निवडायचा म्हणून नवी रेल्वे टाकायची. ही जिद्द मला थोर वाटते. त्यांच्याकडे इच्छा आहे आणि रूळ घालायचे आहेत. आपल्याकडे रूळ आहेत.

पण हा विचार सोपा करू नका. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी याच पश्चिम मार्गावर लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत स्फोट झाले, बोरिवलीलाही झाला. पुढच्याच फेब्रुवारीत पानिपतजवळ भारत-पाकिस्तानला जोडणाऱ्या समझौता एक्सप्रेसचे डबे स्फोटांनी पेटले, आणि त्यात मेलेले बरेचसे पाकिस्तानला घरी निघाले होते. ही दोन दुःखं मनात शेजारी ठेवा. तोलू नका. एक आपलं आणि एक त्यांचं, अशी वाटणी करायला मन धावेल. त्याला थोडं थांबवा. घरी निघालेला आणि घरी न पोचलेला माणूस दोन्हीकडे एकच.

1976 साली सुरू झालेली समझौता 2019 च्या ऑगस्टपासून बंद आहे. मुनाबावहून सिंधकडे जाणारी थार एक्सप्रेसही तेव्हापासून बंद. त्या पुन्हा सुरू करायच्या ठरल्या तर दोन देशांत बोलणी लागतील, पहारे लागतील, धीर लागेल. रुळांचं माप मात्र बदलावं लागणार नाही. बोरिवलीच्या इंडिकेटरवर लाहोर लागलेलं मला माझ्या हयातीत बघायचं आहे.