शिरस्त्राण आणि देहासक्ती
जालना जिल्ह्यातील जांब येथे 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या परंपरेने देह नश्वर मानला, तरी बलोपासना, म्हणजे शरीरसामर्थ्याची साधनाही, शिकवली. म्हणून जांबेला दुचाकीवरून जाणाऱ्या भाविकाने जुन्या घाटाचे, उघड्या तोंडाचे हेल्मेट घेताना सोय पाहणे ही देहासक्ती ठरते का, हा प्रश्न गंभीर आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 129 हेल्मेट सक्तीचे करते आणि पगडीधारी शिखांना सूट देऊन श्रद्धेचाही मान राखते. पण सैल हेल्मेटच्या कडेने वारा शिरून घोंघावतो, कपाळावर रुतणारे हेल्मेट लवकरच हँडलला टांगले जाते, त्यामुळे घट्ट तरी न टोचणारे माप शोधणे हे कर्तव्यच होय. उघड्या हनुवटीची जोखीम केवळ देखणेपणासाठी पत्करणे ही मात्र निःसंशय आसक्ती आहे.