पर्थमधलं कास्टेलोरिझो

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात १९१२ साली काही ग्रीक स्थलांतरितांनी आपल्या बेटाच्या नावानं मंडळ काढलं. बेटाचं नाव कास्टेलोरिझो. ग्रीसच्या पार पूर्व टोकाला, तुर्कस्तानातल्या काश गावापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, क्षेत्रफळ सुमारे नऊ चौरस किलोमीटर. मंडळ निघालं तेव्हा हे बेट अधिकृतपणे ऑटोमन साम्राज्यात होतं. पुढे फ्रेंच आले, मग इटालियन, मग ब्रिटिश. १९४८ साली ते रीतसर ग्रीसकडे आलं, तेव्हा पर्थच्या मंडळाला छत्तीस वर्षं झाली होती. गावाची आठवण म्हणून निघालेली संस्था गावाच्या राष्ट्रीयत्वापेक्षा वयानं मोठी!

बेटावर शेतीजोगी जमीन नव्हतीच. अनातोलियाच्या किनाऱ्याशी शिडाच्या जहाजांतून चालणारा व्यापार हीच तिथली सुबत्ता. आगबोटींनी ती ओढून नेली आणि १९०८ नंतरच्या ऑटोमन राजवटीनं तरुणांच्या मागे सक्तीची लष्करी नोकरी लावली. घराघरांतून मुलगे निघाले. एक गेला की त्यानं भावाला बोलवायचं, भावानं मेहुण्याला. मागे उरलेल्यांचे हाल दुसऱ्या महायुद्धानं केले. १९४३मध्ये जर्मन बाँबहल्ल्यांनंतर ब्रिटिशांनी रहिवाशांना सायप्रसला आणि तिथून गाझाला हलवलं. माघारी गावात लुटालूट झाली, आगीत घरं गेली. १९४५मध्ये लोकांना परत आणणारं ‘एम्पायर पॅट्रोल’ जहाज वाटेतच पेटलं. त्यात ३३ जण दगावले. आज बेटावर पाचेकशे माणसं राहतात. ऑस्ट्रेलियातले बेटवासीयांचे वंशज याच्या कितीतरी पट आहेत.

सुरुवातीच्या त्या मंडळात हौसेचा भाग थोडा होता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ग्रीस तटस्थ राहिला, तर ऑस्ट्रेलियात ग्रीकांवर संशय धरला गेला. १९१६मध्ये सरकारनं त्यांची गुप्त मोजदाद केली आणि त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच कालगुर्ली या खाणींच्या गावात जमावानं ग्रीकांची दुकानं फोडली. १९३४मध्ये तिथेच दक्षिण युरोपीय खाणकामगारांवर पुन्हा हल्ले झाले. अशा मुलखात नव्यानं उतरलेल्या पोराला काम कुणी द्यायचं, इंग्रजी कागद कुणी वाचून दाखवायचा, मेलेल्याला खांदा कुणी द्यायचा? ग्रीकांच्या मंडळांनी हे केलं. तिथे कॉफी होती, पत्ते होते, ताव्ली या सोंगट्यांच्या खेळाचे डाव होते. ही जागा पुरुषांची होती, हेही सांगायला हवं. कार्यकारिणीत पुरुष आणि स्वयंपाकघरात बायका, ही विभागणी अशा संस्थांत फार काळ टिकली आणि तिनं कितीतरी कर्तबगार बायकांना मागच्या खोलीत ठेवलं.

आता तिसरी-चौथी पिढी आहे. नोकरीसाठी त्यांना मंडळ लागत नाही. २०२१च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात सव्वाचार लाखांच्या आसपास लोकांनी आपलं मूळ ग्रीक असल्याचं नोंदवलं. घरात ग्रीक बोलणारे त्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक. यावरून बरेच जण निकाल देऊन मोकळे होतात, की भाषा गेली, आता उरला तो नाच आणि खाऊ. मला हा निकाल मान्य नाही. पणजीच्या हातची कटुमारी, म्हणजे बेटावरचा गोड पदार्थ, करताना पीठ किती पातळ लाटायचं यावरून दोन बहिणी इंग्रजीत भांडत असतील, तर त्या भांडणात बेट आहेच. संत कॉन्स्टंटाइन आणि हेलन यांचा २१ मेचा सण, जुलैत प्रेषित इलियासच्या सणाला अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात उड्या घेण्याची बेटावरची रीत, हे सगळं या वंशजांच्या ओळखीचं आहे. गेल्या काही दशकांत त्यांच्यातले अनेक जण उन्हाळ्यात बेटावर जाऊ लागले, आजोबांची पडकी घरं त्यांनी उभी केली. बंदरावरच्या रंगीत घरांच्या त्या ओळीमागे ऑस्ट्रेलियातला पैसाही आहे आणि जीवही आहे. मंडळानं आडनावं, नाती, कोण कुठल्या घरातलं हे शंभर वर्षं जपलं नसतं, तर ही माणसं कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली असती?

मात्र सगळी मंडळं अशी तगत नाहीत. जिथे नातवंडांना फक्त स्टेजवर नाचायला बोलावतात आणि हिशेबाची वही जुन्या जाणत्यांच्या कपाटात राहते, तिथे नातवंडं लग्नानंतर फिरकत नाहीत. मुलांना वारसा ऐकवून पुरत नाही. कोणत्या आजीला औषधं पोचवायची, सभागृहाचं छप्पर गळतंय त्याचे पैसे कुठून आणायचे, हे काम अंगावर पडलं की मंडळ त्यांचं होतं.

आपलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं. त्यानंतर जगभर मराठी मंडळं झाली आणि त्यांतही आता परदेशात जन्मलेली पिढी मोठी झाली आहे. अशा मंडळांत असणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या निवडणुकीत खजिनदारपद पंचविशीतल्या एखाद्या मुलीला द्या. तिचं मराठी अडखळत असलं, तरी द्या. सभेचं इतिवृत्त तिनं इंग्रजीत लिहिलं, तर लिहू द्या.